जिम कॉर्बेट : आधी बक्षीस रद्द करा म्हणणारा शिकारी

हुबळीच्या नृपतुंग टेकडीजवळ २०२१ च्या सप्टेंबरमध्ये बिबट्या दिसला, ते दिवस राजनगर भागातली मंडळी अजून विसरलेली नाहीत. सकाळचं फिरणं बंद, जवळच्या शाळा बंद, वनखात्याचे पिंजरे लागलेले आणि मोबाईलवर दर तासाला नवा व्हिडिओ. पुढे धारवाडजवळच्या कवलगेरीत एक बिबट्या पिंजऱ्यात सापडला. लगेच कट्ट्याकट्ट्यावर चर्चा सुरू, हुबळीतला तो हाच की तो वेगळा? वर्षभरात बेळगावची पाळी आली. ऑगस्ट २०२२ मध्ये जाधवनगरात बिबट्याने एका बांधकाम मजुरावर झडप घातली आणि पुढे तो गोल्फ कोर्सच्या झाडीत शिरला. २२ शाळांना सुट्टी द्यावी लागली, शिवमोग्याकडून हत्ती आणले. बिबट्या हाती लागला नाही तो नाहीच.

अशा वेळी एक नाव हमखास निघतं. आता एखादा जिम कॉर्बेट पाहिजे होता, असं कुणीतरी म्हणतंच. म्हणणाऱ्याच्या डोळ्यासमोर बंदूक घेतलेला गोरा साहेब असतो. पण या माणसाचं काम नीट बघितलं तर त्यात बंदुकीचा भाग शेवटचा आणि सगळ्यात छोटा. माणसं मारणारं जनावर नेमकं कोणतं, हे ठरवण्यात त्याचे महिनोन्महिने जायचे. आज महापालिकेचं पथक, वनखात्याचा रेंजर, पंचनामा करणारे, माग काढणारे अशी कितीतरी माणसं जे काम वाटून करतात, ते कुमाऊं आणि गढवालच्या डोंगरात तीसेक वर्षं बरंचसं या एकाच माणसावर पडलं होतं. आणि गंमत म्हणजे त्यासाठी तो कुठल्या खात्याचा पगारी माणूस नव्हता. त्याच्या जन्माला २५ जुलै २०२५ रोजी दीडशे वर्षं पूर्ण झाली.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट हे पूर्ण नाव. जन्म नैनितालचा, १८७५ चा. वडील तिथले पोस्टमास्तर. घरात पोरांची मोठी फौज. जिम लहान असताना वडील वारले आणि संसाराचा गाडा आईने ओढला. उन्हाळ्यात नैनिताल आणि थंडीत खाली तराईत कालाढुंगी, अशी वर्षाची विभागणी होती. कालाढुंगीच्या जंगलात हा पोरगा पाखरांचे आवाज काढायला शिकला, पाऊलखुणा वाचायला शिकला. साहेबाचं पोर असलं तरी खेळगडी पहाडी, त्यामुळे कुमाऊंनी त्याला घरच्या भाषेसारखी यायची.

शिक्षण पुढे परवडण्यासारखं नव्हतं. अठरा-एकोणिसाव्या वर्षी तो बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत लागला. इंजिनाला लागणाऱ्या लाकडावर देखरेख, हे पहिलं काम. नंतर बिहारमध्ये मोकामा घाटावर माल एका गेजवरून दुसऱ्या गेजवर चढवण्याचं कंत्राट त्याने घेतलं आणि वीस वर्षांहून जास्त ते सांभाळलं. आपल्या भागातल्या जुन्या लोकांना हे काम काय असतं ते वेगळं सांगायला नको. हुबळी-लोंढा-मिरज मार्ग मीटरगेज होता तेव्हा पुण्याकडे जाताना मिरजेला गाडी बदलावी लागायची. मोकामा घाटावर मध्ये गंगा होती. ब्रॉडगेजच्या डब्यातून माल उतरवायचा, नदी पार करायचा आणि पलीकडे मीटरगेजवर चढवायचा. हजारो टन माल हमालांच्या पाठीवरून. कॉर्बेट त्या हमालांबरोबर स्वतः उभा राहायचा.

शिकारीचं बोलावणं यायचं ते रजेच्या दिवसांत. १९०७ साल. चंपावतच्या वाघिणीने तोवर नेपाळात सुमारे २०० माणसं मारली होती. तिथल्या हत्यारबंद लोकांनी तिला हुसकल्यावर ती कुमाऊंत शिरली आणि चार वर्षांत आणखी दोनशेच्या वर बळी गेले. एकूण आकडा ४३६. एकाच जनावराने इतकी माणसं मारल्याची नोंद जगात दुसरी क्वचितच सापडेल. नैनितालच्या डेप्युटी कमिशनरने कॉर्बेटला विचारलं. तो तयार झाला, पण दोन अटींवर. सरकारने लावलेली सगळी बक्षिसं आधी रद्द करा आणि त्या भागात फिरणारे बाकीचे शिकारी परत बोलवा.

मी वाणिज्य शाखेचा, म्हणून या पहिल्या अटीपाशी थांबतो. बक्षीस जाहीर केलं की काम लवकर होतं, असा आपला समज. प्रत्यक्षात बक्षीस कातड्याला मिळतं, आणि कातडं कोणत्या वाघाचं हे कोण बघणार? मग ज्याला जो वाघ दिसेल तो मारला जातो, पैसे खर्ची पडतात, अहवाल वर जातो आणि पुढच्या आठवड्यात परत माणूस मरतो. त्या काळात सरकार वाघ-बिबट्यांवर सर्रास इनामं लावायचं. नरभक्षक असो नसो, मेलेला वाघ म्हणजे वजा झालेला वाघ, एवढाच हिशेब. कॉर्बेटने तो मुळापासून नाकारला. दुसऱ्या अटीचं कारण साधं होतं. झाडीत चार जण बंदुका घेऊन फिरत असले की कोण कुणाची गोळी खाईल सांगता येत नाही.

पाली गावात तो पोचला तेव्हा लोक पाच दिवस दारं लावून बसलेले होते. पहिल्या रात्री तो रस्त्याकडेच्या झाडाला पाठ टेकून बसला आणि रात्रभर घाबरला होता, हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. नरभक्षकाच्या मागे जाण्याची ती त्याची पहिलीच वेळ. पुढे चंपावतजवळ वाघिणीने सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलीला नेलं. कॉर्बेट रक्ताच्या मागावरून एकटा दरीत उतरला. दुसऱ्या दिवशी चंपावतच्या तहसीलदाराने हाकारा जमवला. लोक यावेत म्हणून त्याने एक हुशारी केली. परवाना नसलेली बंदूक घेऊन आलात तरी बघणार नाही, असं गावोगाव कळवलं. तीनशेच्या आसपास माणसं आली, आणि त्यांच्या हातात घरोघरी लपवलेली सगळी हत्यारं. कॉर्बेटकडच्या गोळ्या संपल्या तेव्हा शेवटचा बार त्याने तहसीलदाराचीच जुनी बंदूक घेऊन टाकला.

वाघीण पडल्यावर त्याने तिचं तोंड उघडून बघितलं. उजवीकडचे वरचे-खालचे दोन्ही सुळे तुटलेले, खालचा तर हाडापर्यंत. ती जुनी गोळीची जखम होती. सुळे गेल्यामुळे तिला नेहमीचं भक्ष्य मारता येईना म्हणून ती माणसाकडे वळली. म्हणजे कुठल्यातरी शिकाऱ्याने अर्धवट सोडलेल्या कामाची किंमत चारशेच्या वर लोकांनी मोजली. यानंतर प्रत्येक जनावराचे दात, पंजे, जुन्या जखमा तपासून नोंदवायची सवय त्याने सोडली नाही. मुक्तेश्वरच्या वाघिणीचा एक डोळा गेलेला आणि अंगात साळिंदराचे काटे रुतलेले सापडले. या कामाबद्दल त्याने रोख काही घेतलं नाही. संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरने त्याला एक रिग्बी रायफल भेट दिली, ती त्याने पुढे आयुष्यभर वापरली.

मधल्या काळात पहिलं महायुद्ध आलं. कॉर्बेटने चाळिशी ओलांडली होती. त्याने कुमाऊंच्या डोंगरातून ५०० माणसांची कामगार तुकडी उभी केली आणि १९१७ साली फ्रान्सला नेली. खंदकामागे रस्ते, दारूगोळा, लाकूड असलं काम. थंडी आणि चिखल त्या पहाडी लोकांना नवा नव्हता, पण समुद्र नवा होता. युद्ध संपल्यावर एक सोडून सगळे त्याने जिवंत घरी परत आणले. फौजी लोकांना या आकड्याचा अर्थ जास्त कळेल. त्यानंतर वझिरीस्तानच्या सरहद्दीवरही त्याने नोकरी केली आणि मेजर होऊन परतला.

त्याच १९१८ साली गढवालात रुद्रप्रयागचा बिबट्या सुरू झाला. इन्फ्लुएंझाची साथ होती. माणसं इतकी मरत होती की रीतसर दहन होईना. प्रेताच्या तोंडात निखारा ठेवायचा आणि प्रेत दरीत ढकलायचं, एवढंच उरलं होतं. बिबट्यांना माणसाच्या मांसाची चटक तिथून लागली, असं कॉर्बेटचं म्हणणं. साथ गेली, प्रेतं मिळेनाशी झाली, मग जिवंत माणूस. केदारनाथ-बद्रीनाथचा यात्रामार्ग याच भागातून जातो. आठ वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणे १२५ बळी. संध्याकाळ झाली की पाचशे चौरस मैलांच्या मुलखात कडी लागायची. यात्रेकरूंच्या धर्मशाळांना दारं नसायची, काटेरी फांद्या लावून लोक रात्र काढायचे.

सरकारने काय करायचं ठेवलं? दहा हजार रुपये आणि दोन गावं इनाम जाहीर केली. विष घातलं, सापळे लावले, बंदुकांचे परवाने वाटले. त्या काळात पुष्कळ बिबटे मारले गेले. प्रत्येक वेळी आनंद झाला आणि प्रत्येक वेळी तो चुकीचा निघाला. हा बिबट्या नाहीच, माणूस रात्री बिबट्याचं रूप घेतो, असंही लोक मानू लागले. एका साधूला जमावाने धरलं होतं आणि जीव घ्यायची तयारी झाली होती. एक अधिकारी वेळेवर पोचला म्हणून तो वाचला. मोबाईल नसतानाची ही अफवा.

कॉर्बेट १९२५ च्या शरदात आला. त्याने आधी नकाशा मांडला. कुठे कधी माणूस मेला याच्या खुणा केल्या तेव्हा दिसलं की बिबट्या अलकनंदेच्या दोन्ही काठांवर फिरतो आणि पार जायला झुलते पूल वापरतो. रुद्रप्रयागच्या पुलाच्या बुरुजावर तो वीस रात्री उघड्यावर बसला. वर वारा, खाली नदी. आला तो एक कोल्हा, बिबट्या नाही. मग रात्री पूल काट्यांनी बंद करायला लावले, म्हणजे जनावर एका काठावर अडकेल.

याच मुक्कामात एक प्रसंग घडला, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एका रात्री सापळ्यात बिबट्या अडकला आणि गोळी घालून मारला गेला. गढवालचा डेप्युटी कमिशनर इबॉटसन हा कॉर्बेटचा जवळचा मित्र. त्याची खात्री पटली की हाच तो. गावकऱ्यांची तर पटलेलीच होती. ढोल निघाले, हार-तुरे झाले. एकट्या कॉर्बेटच्या मनात शंका. त्याने लोकांना सांगितलं की अजून काही दिवस दारं उघडी ठेवू नका, रात्री बाहेर पडू नका. कुणाला ते आवडलं नसणार. आणि थोड्याच वेळात नदीपलीकडच्या गावातून एक बाई मारली गेल्याची बातमी आली. सगळे जल्लोष करत असताना एकट्याने नाही म्हणणं हे बिबट्यासमोर उभं राहण्यापेक्षा अवघड असतं. ज्यांनी गावच्या बैठकीत कधी विरुद्ध मत दिलं आहे त्यांना विचारा.

दहा आठवड्यांनी थकून तो परत गेला. १९२६ च्या वसंतात पुन्हा आला. शेवटी गुलाबराय इथल्या यात्रेकरूंच्या निवाऱ्याजवळ रस्त्याकडेच्या आंब्याच्या झाडावर मचाण बांधलं, खाली गळ्यात घंटा बांधलेली बकरी. तिथल्या पंडिताच्या स्वतःच्या गळ्यावर त्याच बिबट्याच्या दातांचे व्रण होते, तो नशिबाने वाचलेला. दहा रात्री बसायचं ठरलं होतं. दहाही कोरड्या गेल्या. कॉर्बेट अकराव्या रात्री बसला. त्या रात्री घंटा वाजली, बॅटरी लागली, एक बार. सकाळी बघतात तर म्हातारा, करड्या केसांचा नर, सुळा तुटलेला आणि पायावर १९२१ साली पुलावर बसलेल्या दोन फौजी अधिकाऱ्यांच्या गोळीची खूण. ही खूण जुळली म्हणून तो तोच. लोकांना त्यात राक्षस दिसत होता. कॉर्बेटला मात्र म्हातारा झालेला बिबट्या दिसला, आणि हळहळ वाटली.

तो कधी चुकलाच नाही असं समजायचं कारण नाही. चौगढला वाघीण आणि तिचं वाढलेलं पिल्लू, दोघं मिळून माणसं मारत होते. एका संध्याकाळी त्याने बार टाकला तो पिल्लावर, वाघीण निसटली. पुढचं वर्षभर लोक मरत राहिले, बळींचा आकडा ६४ वर गेला. ११ एप्रिल १९३० ला ती त्याला ओढ्यातल्या एका खडकामागे आठ फुटांवर बसलेली दिसली. त्या वेळी त्याच्या डाव्या हातात रातव्या पाखराची दोन अंडी होती, संग्रहासाठी उचललेली. अंडी टाकली तर हालचाल होणार. त्याने एका हाताने रायफल हळूहळू फिरवली आणि गोळी झाडली. नंतर जाऊन अंडी परत जागेवर ठेवून आला. १९३८ च्या नोव्हेंबरात ठाकची वाघीण मारली तेव्हा तो ६३ वर्षांचा होता, ती त्याची शेवटची नरभक्षक. १९०७ पासून तोवर तीसपेक्षा जास्त नरभक्षक त्याच्या हातून मेले.

आज हाच निर्णय कागदावर होतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय वाघ मारता येत नाही, कॅमेरे लावतात, डीएनए तपासतात. तरी २ नोव्हेंबर २०१८ ला यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघीण मारली गेली तेव्हा महाराष्ट्र दोन तट पडून भांडला. तेरा माणसं गेलेल्या गावांचं दुःख खरं होतं आणि तिची दोन पिल्लं मागे राहिली हेही खरं. साधनं वाढली, वाद तोच राहिला.

कॉर्बेटला संत करायची गरज नाही. नरभक्षक नसलेले वाघही त्याने हौसेने मारले. पोवलगढचा प्रसिद्ध प्रचंड नर त्यातलाच. व्हाइसरॉयच्या शिकारीची व्यवस्थाही तो बघायचा. सत्ता त्याच्या जातभाईंची होती आणि जंगलावर पहाडी माणसाचा हक्क कमी करणारे कायदेही त्यांचेच, यावर तो फारसा बोलला नाही. पण विसाच्या दशकाच्या शेवटी त्याने हातात कॅमेरा घेतला आणि मग बंदूक मागे पडत गेली. वाघ संपले तर या देशाचं काहीतरी कायमचं जाईल, हे तो शाळांतून पोरांना सांगत फिरू लागला. १९३६ साली हेली नॅशनल पार्क झालं, भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. त्यामागे त्याची खटपट होती.

त्याची दुसरी बाजू गावची आहे आणि ती आपल्याकडे कमी माहीत आहे. नैनितालच्या नगरपालिकेवर तो सदस्य होता. कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी नावाचं ओसाड गाव त्याने १९१५ मध्ये विकत घेतलं, कुळं वसवली. रानडुकरं आणि हरणं पिकं खायची, म्हणून गावाभोवती कित्येक किलोमीटरची दगडी भिंत घातली. कलघटगी, खानापूर किंवा जोयड्याकडच्या शेतकऱ्याला या भिंतीची किंमत कळेल. दांडेलीच्या काळी व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला आजही हाच झगडा चालू आहे.

दुसऱ्या महायुद्धात तो साठी ओलांडलेला, तब्येत बिघडलेली. तरी १९४४ साली छिंदवाड्यात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांना जंगलात कसं राहायचं, कोणतं पान खायचं, आवाजावरून दिशा कशी ओळखायची हे शिकवायला तो गेला. हुद्दा लेफ्टनंट कर्नलचा. त्याच वर्षी मुंबईच्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं छापलं. सुरुवातीची कमाई त्याने युद्धात डोळे गेलेल्या सैनिकांच्या संस्थेला दिली. पुस्तक जगभर गेलं, मराठीतही आलं आणि आपल्याकडच्या कितीतरी वाचनालयांत त्याच्या प्रतींची पानं सुटेपर्यंत वाचलं गेलं.

लग्न त्याने केलं नाही. बहीण मॅगी शेवटपर्यंत बरोबर. १९४७ च्या अखेरीस दोघं केनियाला गेले. साहेबांचं राज्य संपल्यावर आपलं इथे काय होईल ही धास्ती असावी, पण ज्या लोकांत जन्म गेला त्यांना सोडणं त्याला सोपं गेलं नाही. छोटी हल्द्वानीची जमीन त्याने कुळांनाच देऊन टाकली. न्येरी गावात एका हॉटेलच्या आवारातल्या छोट्या घरात बसून त्याने उरलेली पुस्तकं लिहिली. १९५२ च्या फेब्रुवारीत राजकन्या एलिझाबेथ तिथल्या झाडावरच्या ट्री टॉप्स हॉटेलात उतरली, त्या रात्री कॉर्बेट सोबतीला होता. त्याच रात्री तिकडे इंग्लंडमध्ये सँड्रिंगहॅमला तिचे वडील वारले आणि सकाळी ती राणी झालेली होती. १९ एप्रिल १९५५ ला न्येरीतच कॉर्बेटचं निधन झालं. ट्री टॉप्सवरचं छोटं पुस्तक त्याने नुकतंच पुरं केलं होतं. दोनेक वर्षांत भारत सरकारने त्या राष्ट्रीय उद्यानाला त्याचं नाव दिलं, आणि १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तोही तिथूनच. कालाढुंगीतल्या त्याच्या घरात आता संग्रहालय आहे. गावाभोवतीची भिंत अजून बऱ्याच ठिकाणी उभी आहे आणि तिच्या आतली शेतं त्या कुळांची नातवंडं-पतवंडं करतात.